सेवा कोणाची, संस्था कोणाची?

वाचनालय असो, व्याख्यानमाला असो वा साहित्यसभा असो, तिच्या वार्षिक सभेच्या सूचनापत्राच्या तळाशी एक वाक्य बहुधा ठरलेले असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. आपल्या बिनपगारी संस्थांचे सारे मर्म या वाक्यात आहे, असे आम्हांस वाटते. शेकडो सभासदांपैकी पंधरा-वीस येतात, ते ठरवितात. आणि जे आले नाहीत ते पुढे वर्षभर त्या ठरावांस नावे ठेवितात.

आमचा हा ठाणे-कल्याणचा टापू अशा संस्थांचे जुने माहेरघर होय. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी १८९३ साली स्थापिले. अशा संस्था लोकांच्या फावल्या वेळावर आणि पदरच्या पैशावर उभ्या राहतात. परंतु जेथे वेतन नाही तेथे हुकूमही चालत नाही. आणि ज्याने वीस वर्षे फुकट खस्ता खाल्ल्या, त्यास ती संस्था हळूहळू आपल्या घरची वाटू लागते. कलहाचे बीज येथेच पडते. त्या कलहाच्या मुळाशी पाहू गेल्यास तीनच प्रश्न सापडतात: सभासद कोण, निर्णय कोणाचा, आणि दाद कोठे मागावयाची?

आपल्या साहित्यसंमेलनाचाच इतिहास पाहावा. ग्रंथकारांची पहिली सभा न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यास भरविली. १८८५ सालच्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारिले. ज्या सभेचे चालक शूद्रातिशूद्रांचे हक्क मान्य करीत नाहीत, तिच्याशी आपला मेळ बसणे नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पहिला प्रश्न तेव्हाच उभा राहिला. पुढे २०१७ साली नव्वदावे संमेलन डोंबिवलीस भरले, त्याचे यजमानपद आगरी यूथ फोरम या संस्थेकडे होते. या दोन सालांमध्ये १३२ वर्षे गेली. ज्या घरांतील मंडळींच्या हाती अशा संस्था बहुधा राहिल्या, त्या आमच्यासारख्यांनी हा हिशेब विसरू नये.

दुसरा प्रश्न निर्णयाचा. १९६१ साली स्थापन झालेल्या साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार संमेलनाध्यक्ष पुष्कळ वर्षे मतदानाने निवडला जाई. २०१० साली ठाण्यास उत्तम कांबळे आणि २०१७ साली डोंबिवलीस अक्षयकुमार काळे अशाच रीतीने अध्यक्ष झाले. मतदार मात्र हजाराच्या आसपास! कोट्यवधी मराठी वाचकांच्या नावे चाललेल्या या निवडणुकीत गाठीभेटी, पत्रके व गटबाजी यांचाच बोभाटा फार. २०१८ साली घटना बदलून अध्यक्षाची सन्मानाने निवड करण्याचे ठरले. २०१९ साली यवतमाळास अरुणा ढेरे या त्या रीतीच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. २०२१ च्या नाशिक संमेलनासाठी जयंत नारळीकर यांची निवड झाली. हा वयोवृद्ध शास्त्रज्ञ मते मागत दारोदार फिरला असता, अशी कल्पनाही करवत नाही. हा नव्या रीतीचा उघड लाभ होय. परंतु बंद खोलीत झालेला निर्णय कितीही उत्तम असला, तरी तो कोणत्या विचाराने झाला हे बाहेर कळले नाही तर उत्तमाविषयीही संशय येतो. म्हणून निवड खुशाल करावी. मात्र तिची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत, असे आमचे मत आहे.

तिसऱ्या प्रश्नाचा प्रत्यय यवतमाळासच आला. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांस दिलेले निमंत्रण आयत्या वेळी परत घेण्यात आले. महाराष्ट्रभर गदारोळ उठला आणि महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. निमंत्रण कोणी द्यावे, ते कोणी मागे घ्यावे, आणि घेतल्यास जाब कोणी द्यावा, हे वादळापूर्वी ठरलेले असावे. वादळात ते ठरत नाही.

आता तर घरोघरी भ्रमणध्वनीवर सभा भरतात. इमारतीचा व्हॉट्सअप गट काढणारा गृहस्थ बिचारा पाण्याच्या वेळा कळाव्यात म्हणून तो काढतो, आणि सहा महिन्यांत न्यायाधीश होऊन बसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले की, अशा चालकाच्या हाती माणसे घेणे व काढणे एवढाच मर्यादित अधिकार असतो. म्हणून पूर्वसंकेत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुराचा दोष त्याच्या माथी येत नाही. हे न्याय्यच आहे. परंतु काढून टाकणे म्हणजे बहिष्कार, आणि बहिष्काराचे दुःख मर्यादित नसते. जेथे नियमच नाही, तेथे आमच्या शास्त्रकारांनी वर्णिलेला मात्स्यन्याय अवतरतो: मोठा मासा लहानास गिळतो, आणि त्यासच शिस्त म्हणतो.

न्यासाच्या नोंदणीचा कायदा १९५० पासून आहे. पदाधिकारी बदलले तर नव्वद दिवसांत धर्मादाय कचेरीत कळवावे लागते. परंतु तेथे हरकत निघाली की चौकशी रेंगाळते, खऱ्या-खोट्या दोन कार्यकारिणी एकाच कपाटाच्या किल्ल्या मागतात, आणि पुस्तकांवर धूळ साचते. कचेरीची दाद ही शेवटची दाद होय. पहिली दाद घटनेच्या कागदावर असावी. पदाची मुदत किती, सभासदास कोणत्या कारणाने व कोणती नोटीस देऊन काढावे, आणि त्याचे म्हणणे तिऱ्हाईत कोणी ऐकावे, एवढे तरी स्नेह शाबूत असताना लिहून ठेवावे.

ज्यांनी फुकट राबून संस्था वाढविल्या, त्यांचे ऋण आम्ही मनापासून मानतो. परंतु सेवेने आदर मिळतो, मालकी नव्हे. आणि त्याचबरोबर, घरी बसून टीका करणाऱ्या सभासदासही मालकी मिळत नाही. वाचकहो, आपल्या वाचनालयाची वार्षिक सभा या वर्षी ज्या वेळी बोलाविली असेल त्याच वेळी जा. अर्ध्या तासाने नव्हे.