ओंडक्यावरची छत्रे

पावसाळ्यात आंब्याफणसाच्या आडव्या ओंडक्यावर छत्रे उगवली की मुले टोपलीभर घरी आणतात. वारुळावर येणारी आपली ओळखीची अळंबी ती ही नव्हे. हिची पारख वरून नव्हे, खालून करावी. तळाशी सूक्ष्म छिद्रे व अंग लाकडासारखे कठीण, तर ती भाजीची नव्हेच. लवदार, पांढरट पंखा, ज्याचे तळचे पापुद्रे उभे दुभंगलेले असून जो उन्हात आक्रसतो व पावसात पुन्हा उलगडतो, तो स्किझोफायलम. मोठा मौजेचा जीव! परंतु चांदीचा चमचा काळवंडला नाही म्हणून कोणतेही छत्र चुलीवर चढविणे आम्हांस मुळीच संमत नाही. चांदीला विषाची पारख नसते. थंड मुलखांत ओंडक्यांवरच उगवणाऱ्या तपकिरी गॅलेरिनाचे विष शिजवूनही जात नाही. वांत्या बहुधा ६ तासांनंतर सुरू होतात, आणि तोवर ते यकृतापर्यंत पोहोचलेले असते.