दार लावून गायिलेले गाणे

दरबारी गवई म्हटला, की अंगावर शेला, हातात बिदागी आणि धन्याच्या मर्जीने लागणारा सूर, असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणूनच विल्यम बर्ड या इंग्रज संगीतकाराचे मला मोठे नवल वाटते. हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा आश्रित; पण राणी प्रॉटेस्टंट आणि हा पक्का कॅथलिक!

१५७२ साली तो राणीच्या प्रार्थनामंदिरातील गायकांत दाखल झाला. १५७५ मध्ये राणीने त्याला व टॅलिस या ज्येष्ठ संगीतकाराला संगीत छापण्याचा २१ वर्षांचा मक्ताही दिला. मात्र त्याच राज्यात १५८१ पासून प्रॉटेस्टंट चर्चमध्ये न जाणाऱ्यास महिना २० पौंड दंड होता, आणि १५८५ पासून कॅथलिक पाद्र्याला आसरा दिला तर फाशी! घरच्या देव्हाऱ्यापुढची आरती खिडक्या लावून, बाहेरचा कानोसा घेत म्हणावी लागली तर कसे वाटेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

बर्डने चाकरी सोडली नाही आणि धर्मही सोडला नाही. प्रॉटेस्टंट उपासनेसाठी त्याने इंग्रजीत उत्तम रचना केल्या, स्वधर्मापायी खटले सोसले, आणि १५९२ ते १५९५ च्या सुमारास तीन लॅटिन मिस्सा छापल्या. त्या तीन, चार व पाच आवाजांच्या. म्हणजे एखाद्या वाड्यात मोजक्या माणसांनी गाव्यात अशा. पुस्तकांना मुखपृष्ठ नाही, साल नाही, मुद्रकाचे नाव नाही. पण पानांच्या माथ्यावर नाव मात्र आहे: बर्ड! भीती होती ती छापणाऱ्याला. रचणाऱ्याने आपले नाव लपवले नाही. आणि भीती खोटी नव्हती. १६०५ साली त्याची पुस्तके जवळ सापडली म्हणून एका फ्रेंच गृहस्थाला लंडनमध्ये तुरुंगात टाकले होते.

चार आवाजांच्या मिस्सेचा शेवट मी पुनःपुन्हा ऐकतो. आधी दोनच आवाज, मग तीन, मग चारही. जणू एकेक माणूस हळूच दार लोटून आत येतो आहे. अखेरचे शब्द शांतीच्या याचनेचे. ते बहुतेक मिस्सांत असतातच. पण येथे सूर एकमेकांना असे अडतात, की ती याचना घशात दाटून येते.

१६२३ मध्ये बर्ड वारला. ज्या गाण्यासाठी दारे लावावी लागत, ते आज इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट कॅथीड्रलांतही मोकळ्या गळ्याने गातात. कायदे करणाऱ्यांना हे कोणी सांगितले असते, तर खरे वाटले असते का?