मळवा, पण कारण सांगा!

वीस हजारांचं नवंकोरं मॉडेल इंजिन घरी आणायचं आणि पहिल्याच वीकेंडला त्याला काजळी फासायची! वेडेपणा? असेल. पण या वेडाचा फंडा एकदम पक्का आहे.

आपल्याकडे वस्तू नवी ठेवण्याचा भारी सोस. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी. नव्या गाडीच्या सीटवरचं पॉलिथिन दिवाळीपर्यंत तसंच. नवा मोबाइल हातात आला की आधी स्क्रीनगार्ड, मग सिमकार्ड. अशा घरांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना मॉडेल रेल्वेवाल्यांची एक सवय काही केल्या पचत नाही. ही मंडळी पैसे साठवून वाफेच्या इंजिनाचं मॉडेल मागवतात, खोका उघडतात, दोन दिवस डोळे भरून बघतात आणि मग रंग, ब्रश, पावडरी घेऊन ते मळवायला बसतात. याला म्हणतात वेदरिंग. ऊन, पाऊस, धूर, तेल आणि राख यांनी खऱ्या इंजिनाची जी अवस्था होते, ती छोट्या इंजिनावर उतरवायची. आणि मग ते मित्रांना बोलावून कौतुकानं दाखवायचं!

किंमत ऐकलीत तर आणखी चक्रावाल. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे ओओ, म्हणजे खऱ्याचा साधारण ७६वा हिस्सा. हॉर्नबीसारख्या कंपनीचं या मापाचं चांगलं मोठं इंजिन आज दोनशे पौंडांच्या घरात जातं. आपले वीस हजार रुपये सहज, कुरिअर आणि कस्टम ड्युटी वेगळी. एकदा रंग लावला की दुकानदार ते परत घेणार नाही. खोक्यासकट कोरा माल जमवणाऱ्या कलेक्टरच्या लेखी तर त्याचा भाव उतरलाच. तरीही लोक मळवतात. का?

काळा एक, तऱ्हा पाच

कारण कोरं मॉडेल खोटं दिसतं. कारखान्यातून आलेलं इंजिन नखशिखांत एकसारखं काळं असतं. खऱ्या इंजिनावर असा एकसारखा काळा कुठे सापडतच नाही. बॉयलरच्या पाठीवर काजळी बसते, तिला चमक नसते. चाकांना जोडणारे दांडे तेलानं माखलेले, ते चकाकतात. सगळ्यात पुढचा गोल भाग म्हणजे स्मोकबॉक्स. त्याला बॉयलरसारखं उष्णता रोखणारं अस्तर नसतं, त्यामुळे तिथला रंग भाजून राखाडी पडतो. मागे कोळसा-पाण्याचा टेंडर. त्याच्या आतल्या भिंतींना कोळसा घासून घासून रंग उडतो आणि गंज दिसायला लागतो. खालच्या बाजूला ब्रेकची तपकिरी धूळ. बघा, रंग एकच, तऱ्हा पाच!

आणि प्रत्येक डागाला कारण असतं. पाण्यात क्षार असतात. बॉयलर ठरावीक दिवसांनी आतून धुवावा लागतो, त्यासाठी त्याला बुचं असतात. त्या बुचांपाशी पाणी झिरपलं की वाफ उडून जाते आणि मागे राहतात पांढरे ओघळ, वरून खाली आलेले. आपल्या गिझरच्या नळाशी जमतो ना पांढरा थर, तसलाच हा प्रकार. टेंडरमध्ये पाणी भरताना ते बाहेर सांडतं, म्हणून तिथेही ओघळ. हे माहीत असलेला माणूस बुचाखालीच पांढरी रेघ ओढतो. ज्याला माहीत नाही, तो कुठेही ओढतो, आणि जाणकार मित्र लगेच पकडतात.

इंजिन कुठल्या सालचं?

आता एक खरं इंजिन घेऊ. ब्लॅक फाइव्ह. विल्यम स्टॅनियर यांनी ब्रिटनच्या एलएमएस रेल्वेसाठी केलेलं डिझाइन. १९३४ ते १९५१ या काळात अशी ८४२ इंजिनं बनली. प्रवासी गाडी लावा, मालगाडी लावा, कशालाही नाही म्हणायचं नाही. ऑफिसात असतो ना एखादा, प्रेझेंटेशनही करणारा आणि अडकलेला प्रिंटरही सोडवणारा? अगदी तसं.

हे ब्लॅक फाइव्ह मळवायचं, पण किती? उत्तर एका प्रश्नात आहे: तुमचं इंजिन कुठल्या सालचं?

वाफेच्या जमान्यात लोको शेडमध्ये क्लीनर नावाची पोरं असायची. नुकती शाळा सोडलेली. रॉकेल आणि तेलात भिजवलेला बोळा घेऊन इंजिन पुसायचं, हे त्यांचं काम. आजच्या भाषेत ट्रेनी. आधी क्लीनर, मग फायरमन, मग वर्षानुवर्षांनी ड्रायव्हर, असा तो करिअर ग्राफ होता. म्हणजे १९३८ साली एखादं इंजिन चकाचक दिसत असेल, तर त्यामागे पाच-सहा पोरांची आख्खी रात्रपाळी असायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. कारखान्यांत जास्त पगार, कमी घाण आणि दिवसपाळी मिळायला लागली. मग पहाटे तीन वाजता बोळा घेऊन कोण उभं राहणार? त्यात १९५५ साली ब्रिटिश रेल्वेनं वाफ हटवण्याची योजना जाहीर केली. १९६० साली स्विंडनच्या कारखान्यातून ‘इव्हनिंग स्टार’ बाहेर पडलं. ब्रिटिश रेल्वेनं बांधलेलं ते शेवटचं वाफेचं इंजिन. जे खातंच बंद होणार, त्यात ट्रेनी म्हणून कोण येईल? क्लीनर मिळेनात, इंजिनं पुसली जाईनात. १९६८च्या उन्हाळ्यात लँकाशायरमधल्या कार्नफर्थ, लॉस्टॉक हॉल आणि रोझ ग्रोव्ह या शेवटच्या शेडमधली ब्लॅक फाइव्ह बघा. मूळ रंग कुठला होता हे ओळखू येऊ नये इतका थर. ११ ऑगस्ट १९६८ला १५ गिनी तिकिटाची निरोपाची गाडी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला जाऊन आली. ती ओढणाऱ्या चार इंजिनांतली तीन ब्लॅक फाइव्हच होती. पाहुण्यांसमोर जायचं म्हणून ती मात्र घासूनपुसून काढलेली!

तेव्हा मळ म्हणजे नुसता मळ नाही. तो शेडची हजेरीवही आहे. कामावर किती जण होते आणि किती जण सोडून गेले, हे त्यात दिसतं. १९३८च्या इंजिनाला १९६८चा थर लावलात तर तुम्ही त्या पाच-सहा पोरांची रात्रपाळीच पुसून टाकली. आणि १९६८चं इंजिन चकचकीत ठेवलंत तर कुणी नोकरी सोडून गेलंच नाही, असं सांगितलंत.

यातली भारी गंमत पुढेच आहे. वाफेच्या त्या शेवटच्या वर्षांत काही तरुण फोटोग्राफर रात्री शेडमध्ये जायचे आणि उद्या कुठल्या गाडीला कुठलं इंजिन लागणार हे हेरून ते स्वतःच्या हातांनी पुसायचे. पगार नाही, परवानगी असेलच असं नाही. सकाळच्या उजेडात एक फोटो झकास यावा, एवढीच हौस. खरं इंजिन हौसेनं पुसणारे ते आणि मॉडेल हौसेनं मळवणारे हे, दोघांची दोस्ती एका टेबलावर नक्की जमली असती.

चला, बाह्या सरसावा

सामान फार लागत नाही. एअरब्रश असला तर उत्तम, नसला तरी सुरुवात अडत नाही. अॅक्रिलिक रंग, दोन-तीन मऊ ब्रश, कानाचे बड्स, मास्किंग टेप, मॅट वार्निश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चित्रकलेच्या दुकानातले सॉफ्ट पेस्टल खडू. खडू सॅंडपेपरवर घासले की वेदरिंग पावडर तयार. खिडकी उघडी ठेवा, तोंडाला मास्क लावा. मग पुढचं:

• आधी फोटो शोधा. त्याच इंजिनाचा, शक्यतो त्याच सालातला. समोर फोटो नसेल तर ब्रश उचलूच नका.

• निव्वळ काळा रंग वापरू नका. काळ्यात तपकिरी आणि करडा मिसळा. लांबून बघताना रंग फिके दिसतात, आणि मॉडेल म्हणजे लांबून बघितलेलं इंजिनच.

• रंग पातळ करून लावा आणि बराचसा पुसून काढा. पुसताना बड वरून खाली न्या. पाऊस आडवा वाहत नाही!

• चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडेला आणि मागच्या पिकअपच्या पट्ट्यांना रंग लागू देऊ नका. इंजिनाला वीज तिथूनच मिळते. चुकून लागलाच तर लगेच अल्कोहोलनं पुसा. चाकं रंगवताना वायरनं करंट देऊन ती हळू फिरवत ठेवा, म्हणजे दांड्यांमागची जागा कोरी राहत नाही.

• पावडरवर वार्निश मारलं की ती बरीच फिकी पडते. म्हणून हलके थर द्या, आणि वार्निशनंतर पुन्हा बघा.

• गंज जपून. रोज धावणाऱ्या इंजिनाचे दांडे तेलकट असतात, गंजलेले नसतात. गंज चढतो तो सायडिंगला महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या इंजिनावर.

आणि एक हिशोब भिंतीवर लिहून ठेवा. ओओ मापात एक मिलिमीटर जाडीचा ओघळ म्हणजे खऱ्या इंजिनावर साडेसात सेंटीमीटरचा पट्टा. तेव्हा ब्रश बारीक आणि हात आखडता. सगळ्यात शेवटी एक छोटीशी जागा पुसून घ्या, केबिनच्या बाजूवरचा नंबर. शेवटच्या काळातल्या कित्येक फोटोंत आख्खं इंजिन काळंकुट्ट दिसतं, पण नंबरवरून कुणीतरी फडकं फिरवलेलं असतं. तेवढी एक पुसलेली पट्टी ठेवलीत की त्या इंजिनाजवळ माणूस उभा राहतो.

आता शो ऑफ!

एवढं केलंत तर दाखवायलाच हवं. लाजायचं काय त्यात? पण दाखवायची रीत आहे. टेबलावर ठेवलेलं मॉडेल आपण उभ्यानं बघतो, म्हणजे हेलिकॉप्टरमधून बघितल्यासारखं. पाहुण्यांना खुर्चीत बसवा, डोळे रुळांच्या पातळीला येऊ द्या. फोटोही तसाच काढा, मोबाइल रुळांशी टेकवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. फ्लॅशखाली सगळी काजळी सपाट दिसते.

आणि वेग! नवा माणूस रेग्युलेटर फुल्ल फिरवतो आणि इंजिन रॉकेटसारखं सुटतं. ताशी ६० मैलांचा वेग ओओ मापात सेकंदाला जेमतेम ३५ सेंटीमीटर होतो. ब्लॅक फाइव्हचं मॉडेल टेंडरसकट साधारण २५ सेंटीमीटर लांब. म्हणजे भरधाव एक्स्प्रेससुद्धा सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दीडपटीहून कमीच सरकते. मळकी मालगाडी तर त्याहून निवांत. हळू चालवा, म्हणजे लोक ओघळ बघतील आणि विचारतील, ‘हा इथे का?’ तुमच्याकडे उत्तर असेल तर शो ऑफ सार्थकी लागला.

आपलं इंजिन?

‘हे सगळं साहेबाचं झालं, आपलं काय?’ बरोबर. आपल्या ब्रॉडगेज इंजिनाचं मॉडेल करायचं तर आधी रुळांपाशीच अडतं. आपले रूळ १६७६ मिलिमीटर रुंद. जगभर चालणाऱ्या एचओ मापात, म्हणजे ८७व्या हिश्श्यात, ते १९ मिलिमीटरच्या थोडे वर जातात, पण बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळाचे. म्हणून अनेक जण तडजोड करतात आणि बॉडी भारतीय, चाकं तयार अशी जोडी जमवतात. ही दुनिया प्रत्यक्ष बघायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ साली सुरू झालेलं. एखादा रविवार तिकडे काढाच.

पण आपल्याकडे एक गोष्ट अजून शिल्लक आहे, आणि ती ब्रिटनमध्ये झपाट्यानं संपत चालली आहे. तिथे वाफ १९६८ला थांबली. आपल्या ब्रॉडगेजवर नियमित वाफेची गाडी १९९५पर्यंत धावत होती. त्या वर्षी पंचविशीत असलेला फायरमन आज जेमतेम पंचावन्नच्या घरात असेल. भुसावळ, दौंड, मनमाडच्या शेडमध्ये आयुष्य काढलेले काका-आजोबा बहुतेक तुमच्याच सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसलेले असतील. डब्ल्यूपीच्या त्या निमुळत्या नाकावर काजळी कुठे जमायची, तेल कुठे गळायचं, फडकं कुठे पोचायचंच नाही, हे त्यांना पाठ असतं. कुठल्याही फोटोत ते इतकं नीट दिसणार नाही. चहाला बोलवा, कोरं मॉडेल समोर ठेवा आणि विचारा, ‘काका, कुठे मळवू?’