पद्मिनी, अॅम्बेसेडरचे वायरिंग : मोठा फ्यूज हा उपाय नव्हे

मुंबईतील शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून धावायची थांबली. ताडदेव आरटीओत २००३ मध्ये नोंद झालेल्या या गाडीची वीस वर्षांची मुदत आदल्या दिवशी संपली होती. आता पद्मिनी उरली ती हौशी मालकांकडे. तीच गत अॅम्बेसेडरची. रंग, क्रोम, सीटची कव्हरे यांवर ही मंडळी हात सैल सोडून खर्च करतात. वायरिंगचा विषय निघाला, की मात्र ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ असे उत्तर येते. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीबाबत हे उत्तर धोक्याचे आहे. त्याहून धोक्याचा आहे तो गॅरेजमधला झटपट इलाज : फ्यूज सारखा उडतोय, तर जरा मोठा टाका.

फ्यूज कुणासाठी असतो?

बहुतेकांना वाटते, फ्यूज बल्ब किंवा हॉर्न वाचवतो. खरे तर तो वायर वाचवतो. जाड किंवा बारीक, प्रत्येक वायर ठरावीक अँपिअरपर्यंतच करंट वाहू शकते. त्यापुढे ती तापते, वरचे आवरण मऊ होते, शेजारच्या वायरीला चिकटते आणि मग जुडगाच्या जुडगा पेटू शकतो. तसे होण्याआधी फ्यूजने वितळायचे, हा करार. आठच्या जागी सोळा अँपिअरचा फ्यूज टाकला किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की करार मोडला. साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आता डॅशबोर्डमागची वायर ठरते. फ्यूज उडतो म्हणजे तो तक्रार सांगत असतो. तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करून दुखणे बरे होत नाही.

त्यात वायरीचे वय. पीव्हीसीचे आवरण वर्षानुवर्षे इंजिनाची धग खाऊन कडक होते, वाकवले की तडकते. त्याआधीच्या गाड्यांतील कापडी वेणीच्या आणि रबरी वायरींची अवस्था आणखी वाईट. बंद शेडमधल्या गाडीत उंदरांचा वाटा वेगळा.

काचेवरचे ३५ म्हणजे किती?

इथे अनेक जाणकारही फसतात. अॅम्बेसेडर ही मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत ल्यूकस कंपनीचे काचेचे फ्यूज असत, तेही बहुधा दोनच. त्यावर ‘३५’ छापलेले असे. पण या आकड्याचा अर्थ ‘३५ अँपिअरला उडेल’ असा होता. सतत वाहण्याची क्षमता त्याच्या निम्मी, १७ अँपिअरच्या आसपास. आजच्या रंगीत, चपट्या ब्लेड फ्यूजवर छापलेला आकडा मात्र सतत वाहण्याच्या क्षमतेचा असतो. म्हणजे जुना ३५चा काचेचा फ्यूज काढून ३५चा ब्लेड फ्यूज घातला, तर कागदावर ‘जसेच्या तसे’ आणि प्रत्यक्षात संरक्षण निम्मे. तिथे १५ किंवा फार तर २०चा हवा.

फियाट घराण्यात दुसरी अडचण. दोन्ही टोकांना निमुळते असलेले ८ आणि १६ अँपिअरचे फ्यूज त्या घराण्याची ओळख. ते पितळी पट्ट्यांच्या चिमट्यात बसतात. चिमटा सैल झाला किंवा गंजला, की फ्यूज शाबूत राहून त्याची टोके तापतात आणि बॉक्स वितळू लागतो. अशा वेळी नवा फ्यूज घालून काही होत नाही. चिमटेच घासून घट्ट करावे लागतात, नाहीतर बॉक्स बदलावा लागतो. मी तर बॉक्सच बदलावा असे म्हणेन. ब्लेड फ्यूज घट्ट बसतो, पेट्रोल पंपावरच्या दुकानातही मिळतो आणि रंगावरून ओळखता येतो : लाल १०चा, निळा १५चा, पिवळा २०चा.

दिवे पिवळे पडतात, दोष कुणाचा?

जुन्या गाडीच्या मालकाची ठरलेली तक्रार म्हणजे हेडलाइट मिणमिणते. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे १०० वॉटचे बल्ब. पण दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतोच. या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीकडून डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून डिप्परला आणि मग पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत, असा फेरफटका मारतो. एक स्क्वेअर एमएमची पाच मीटर तांब्याची वायर धरली, तर १० अँपिअरला सुमारे ०.८६ व्होल्ट वाटेतच गळतात. स्विचचे झिजलेले पॉइंट, गंजलेले थिंबल, बॉडीशी सुटत आलेली अर्थ यांची गळती वेगळी. आणि हॅलोजनचे गणित निर्दयी आहे : व्होल्टेज १० टक्के घसरले, तर प्रकाश साधारण ३० टक्के कमी होतो.

आता त्याच वायरीवर मोठे बल्ब लावून पाहू. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. १०० वॉटचे दोन जवळपास १७. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वायरीत आणि स्विचमध्ये पावणेतीन पट उष्णता निर्माण होते. व्होल्टेजची गळतीही वाढते. प्रकाश अपेक्षेइतका वाढत नाही, स्विच मात्र हाताला चटका देऊ लागतो.

याचा साधा, स्वस्त उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून जाड वायर थेट पुढे न्यायची, मध्ये रिले ठेवायचा. डॅशबोर्डवरच्या मूळ स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा, ज्याला पाव अँपिअरही लागत नाही. हाय बीमला एक आणि डिपला एक, असे दोन रिले. नेहमीचेच ६०/५५ वॉटचे बल्ब मग असे उजळतात, की मालकाला आपण इतकी वर्षे कशाला भांडत होतो असे वाटावे.

एक गोष्ट इथे विसरली जाते. सगळ्या हेडलाइटना मिळून एकच फ्यूज ठेवू नये. त्या काळी कित्येक ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटच्या वाटेत फ्यूज ठेवतच नसत. फ्यूज उडून रात्री एकदम अंधार होणे अधिक वाईट, हा त्यामागचा हिशेब समजण्यासारखा होता. कसारा घाटात वळणावर दोन्ही दिवे एकदम जाणे काय असते, याची कल्पना करा. म्हणून डावा-उजवा, हाय-डिप असे चार वेगळे फ्यूज, प्रत्येकी १० अँपिअरचे. एक गेला तरी रस्ता दिसतो.

अल्टरनेटर बसवला, पुढे काय?

जुना डायनामो जेमतेम २० ते २२ अँपिअर देतो, सिग्नलला उभे असताना जवळपास काहीच नाही. म्हणून अल्टरनेटर बसवून घेणे शहाणपणाचेच. पण ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवायचा आणि त्याचा करंट डायनामोच्याच वायरीतून, ३० अँपिअरच्या अॅमीटरमधून न्यायचा, हा प्रकार सर्रास चालतो. ती वायरही जाड हवी आणि अॅमीटर वाटेतून काढून त्याच्या जागी व्होल्टमीटर लावणे बरे. आणखी एक : जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असू शकते. ते न तपासता अल्टरनेटर जोडला, तर त्यातले डायोड क्षणात जातात.

शिवाय बॅटरीजवळ, सेल्फची जाड केबल सोडून बाकी सगळ्यासाठी, एक मुख्य फ्यूज हवाच. त्या काळच्या गाड्यांत बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंतची वायर बहुधा उघडीच असे. ती कुठे बॉडीला घासली, तर आतले सगळे फ्यूज नुसते बघत राहतात.

मग गाडी ‘ओरिजिनल’ राहते का?

हा आक्षेप मला पटत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. पहिल्या नोंदणीला २० हजार, फेरनोंदणीला ५ हजार रुपये शुल्क. त्यात मोठा बदल म्हणून उल्लेख आहे तो चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांतील फेरफाराचा. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेल्या रिलेने गाडीचे रूप बिघडत नाही. जुना फ्यूज बॉक्स शोभेला जागेवर ठेवता येतो, नव्या वायरींना कापडी वेणीही चढवता येते. टायर आपण नवे घालतोच, तेव्हा कुणी ओरिजिनॅलिटी काढत नाही.

मात्र काम वायरमनवर सोडून मोकळे होऊ नका. वायर घरगुती नव्हे, गाडीचीच, बारीक तारांची घ्या. घरच्या वायरीच्या जाड तारा हादऱ्यांनी तुटतात. पिळून टेप लावलेला एकही जोड ठेवू देऊ नका, थिंबल दाबूनच बसवायला सांगा. मूळ रंग पाळायला लावा. आणि काम संपल्यावर कोणत्या फ्यूजवर काय आहे, याचा कागद लिहून घेऊन ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढचा वायरमन वेगळा असणार आहे.