कितव्या महिन्यात गेला, हे विचारा

उचगावाहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. पण गर्भ टिकत नाही म्हटलं की अजूनही कितीतरी घरांत आधी बाहेरचं बघितलं जातं, सुनेचा पायगुण निघतो. तिच्या रक्तात काही बिघडलं असेल, हे मनात यायलाच वर्षं जातात.

१९८३ मध्ये लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी अशाच एका बिघाडाचं वर्णन केलं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा स्वतःवरच उलटते, अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडं तयार होतात, रक्तात गुठळ्या धरतात आणि वारेचं काम बिघडून गर्भ जातो. प्रत्येक गर्भपातामागे हेच असतं असं नव्हे. पण लागोपाठ गर्भ पडत असतील, किंवा दहा आठवड्यांनंतर नीट वाढणारा गर्भ एकदा जरी गेला असेल, तर ही तपासणी व्हायलाच हवी. ती बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात. निदान झालं, तर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं यांवर बहुतेक जणींच्या कुशीत मूल येतं.

दोष बाईच्या नशिबाचा नव्हता, हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

शरीराची यंत्रणा अशीच स्वतःवर उलटण्याचा आणखी एक आजार म्हणजे ल्युपस. त्याच्या दहा रुग्णांमागे नऊ बायका असतात, त्याही बहुतेक मूल होण्याच्या वयातल्या. पूर्वी त्यांना ‘मूल नको’ असंच सांगत. आज आजार किमान सहा महिने शांत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळंतपण शक्य आहे. घात होतो तो औषधांच्या गोंधळात. दिवस गेले की भीतीपोटी सगळ्याच गोळ्या बंद होतात. खरं तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवायची असते. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट मात्र दिवस जाण्याच्या आधीच थांबवावी लागतात. शिवाय अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो. ल्युपसवर उपचार करणारे सांध्यांचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय हे जमणार कसं?

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथे आणखी तीनच प्रश्न विचारले जावेत. सांधे सुजतात का? उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे उठतात का? आणि आधीचा गर्भ कितव्या महिन्यात गेला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जणींना तारखेसकट आठवत असतं.