कव्हरवर गोवा, आत कोण?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भरवेलीला गेलो होतो. भरवेली म्हणजे मध्य प्रदेशात बालाघाटच्या जवळचं मँगनीजच्या खाणीचं गाव. माझी मामेबहीण तिथे दिलेली, तिचे यजमान खाणीत नोकरीला. रात्री जेवणं आटोपल्यावर भाचा छोटा स्पीकर घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या गोव्याचं म्युझिक लावू?"

मी खूष! म्हटलं, घुमटावरची आरती असेल, नाहीतर एखादा मांडो. लागलं ते धाड-धाड-धाड-धाड. मोबाईलवर चित्र होतं निळ्या शंकराचं, मागे माड आणि वर मोठ्या अक्षरांत 'गोवा'. निवडक तुकड्यांचा संग्रह होता तो. कारकुनी सवयीने मी सगळी नावं खालपर्यंत वाचली. एकही गोमंतकीय नाव नाही!

मंडळी, या लेखाचं निमित्त एवढंच.

आपल्यातले पुष्कळजण हे संगीत न ऐकताच नाक मुरडतात, म्हणून आधी त्याची कूळकथा. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर हिप्पी आले ते गिटार आणि रॉक घेऊन. 1980 नंतर तिथल्या पार्ट्यांतून इलेक्ट्रॉनिक संगीत वाजू लागलं. बेल्जियमचा 'फ्रंट 242', इंग्लंडचा 'कॅबरे व्होल्तेअर' अशा बँडच्या गाण्यांतले गायलेले भाग कापून टाकायचे, नुसता ठेका आणि यंत्राचे सूर जोडायचे, आणि ती टेप रात्रभर वाजवायची. आपल्या उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नसत, म्हणून टेपच बऱ्या. कॅलिफोर्नियाहून आलेला गोवा गिल हा या मंडळींतला सर्वांत प्रसिद्ध. तो 2023 साली वारला.

पुढे 1993 मध्ये लंडनच्या 'ड्रॅगनफ्लाय' कंपनीने 'प्रोजेक्ट टू ट्रान्स' हा संग्रह काढला. डिसेंबर 1994 मध्ये पॉल ओकनफोल्डचं 'गोवा मिक्स' बीबीसीच्या रेडिओ वनवरून प्रसारित झालं. मग काय, 'गोवा ट्रान्स' नावाच्या संग्रहांचं पीकच आलं. लंडनमध्ये बनव, इस्रायलमध्ये बनव, जर्मनीत बनव, वर शिक्का गोव्याचा.

आता सरळ प्रश्न विचारतो. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेर कुणी दारू गाळून तिला 'गोव्याची फेणी' म्हणू लागला तर आपण कायदा दाखवू शकतो. सुरांचं काय? तो कायदा वस्तूंसाठी आहे, सुरांना लागू नाही. त्यामुळे फेणीच्या बाटलीला जेवढं संरक्षण आहे, तेवढंही गोव्याच्या आवाजाला नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे. "अहो, नाव तर झालं ना जगभर! पर्यटक आले, चार पैसे मिळाले." मिळाले, नाही कोण म्हणतो? पण कुणाचं नाव झालं? किनाऱ्याचं झालं. किनाऱ्यावरच्या माणसाचं नाही. त्या टेपांतून सगळ्यात आधी गळाले ते शब्द, आणि जिथे शब्दच नकोत तिथे कोंकणी काय आणि मराठी काय, दोन्ही दाराबाहेरच.

दुसरं उत्तर आपल्या संस्कृतिरक्षकांचं. "सगळी नशेबाजी, बंद करा!" रात्री दहानंतर कर्णे नकोत, हे मलाही मान्य. पण बंद करून आपलं काय सुरू होणार? गोऱ्यांनी निदान आपल्याला आवडलेलं गोळा केलं, निवडलं, क्रम लावला, नावं लिहिली आणि जगापुढे ठेवलं. एवढे कष्ट आपण आपल्या गाण्यासाठी घेतले का? संग्रह काढणं म्हणजे दावाच सांगणं. 'आमचं म्हणजे हे, आणि हे गाणारी माणसं ही,' असं त्यात लिहावं लागतं. दावा न करणाऱ्याची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या नावावर चढते, हे सरकारी कचेरीत बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणि आपल्याकडे आहे काय, हे तरी बघा. 1977 साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. पृथ्वीवरच्या संगीताचे 27 नमुने तिच्यावर आहेत. तोही एक संग्रहच, माणसाने काढलेला सर्वांत लांब पल्ल्याचा! त्यात भारताचा नमुना एकच, 'जात कहाँ हो', भैरवी. गायिका सूरश्री केसरबाई केरकर, आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. दुसरं यान 5 सप्टेंबरला सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तबकडीच्या यादीत 'भारत' आहे, गोवा नाही. म्हणजे बघा, एका संग्रहावर गोव्याचं नाव आहे पण गोव्याचा आवाज नाही. दुसऱ्यावर आवाज आहे पण नाव नाही. दोन्ही संग्रह काढले परक्यांनीच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कला अकादमी आणि कला व संस्कृती संचालनालय, दोघांनी मिळून गोव्याचा एक संग्रह काढावा. पौषातल्या मांडावरचे धालो, शिगम्यातला रोमटामेळ, सत्तरीचं रणमाले, घुमट-शामेळ-कासाळ्याची सुंवारी, मांडो, देवळातलं भजन, आणि शेवटी केसरबाई. प्रत्येक तुकड्यापुढे गावाचं नाव, गाणाऱ्या बाईचं नाव, वाजवणाऱ्या बापयाचं नाव. 'पारंपरिक' एवढाच शब्द लिहून मोकळं व्हायचं नाही. आणि तो फुकट ऐकायला मिळावा, भरवेलीच्या पोरालाही.

कारण त्या रात्री भाचा मला म्हणाला, "बरं मामा, मग तुम्ही लावा तुमचं." मी मोबाईल काढला. केसरबाई सापडल्या, त्या लावल्या. पोरगं गप्प बसून ऐकत राहिलं. संपल्यावर म्हणालं, "आणखी?"

दारचे धालो, शेजारची सुंवारी... माझ्या मोबाईलमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. पंचेचाळीस वर्षं गोव्यात काढलेला मामा खाली मान घालून बसला होता.