बायपास झाली, डिस्चार्ज मिळाला. पुढचे आठ आठवडे कुणाच्या भरवशावर?

आठव्या दिवशी मामांना घरी सोडलं तेव्हा हातात जाड फाइल होती. अँजिओग्राफीची सीडी, इकोचा रिपोर्ट, बिलं आणि दोन पानांची डिस्चार्ज समरी. सगळं इंग्रजीत. मामी सातवीपर्यंत शिकलेली, आणि गोळ्या तीच देणार होती. गाडीत बसताना मामांनी एकच विचारलं, ‘कुशीवर झोपलं तर चालेल का?’ फाइलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं.

हार्ट सर्जरीचा खर्च भागवण्याची व्यवस्था आपल्या राज्यात बऱ्यापैकी उभी राहिली आहे. ऑपरेशननंतर बरं होण्याची जबाबदारी मात्र अजूनही घरच्यांवर टाकलेली आहे, तीही नीट न सांगता.

छातीचं हाड जुळायला किती वेळ लागतो?

नेहमीच्या बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, पूर्ण मजबूत व्हायला १२ आठवड्यांपर्यंत. तारा हाड फक्त जागेवर धरून ठेवतात, जोडणी शरीरच करतं. स्लॅब ओतल्यावर शटरिंग लगेच का काढत नाहीत, हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

म्हणून भरलेली बादली, सिलिंडर, नातवंड यातलं काहीही उचलायचं नाही. उठताना दोन्ही हातांवर जोर द्यायचा नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. दुचाकी साधारण सहा आठवडे बंद, पुढे सर्जनच्या परवानगीनेच. आणि मामांच्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेक सर्जन पहिले काही आठवडे पाठीवरच झोपायला सांगतात. पायाची शीर काढली असेल तर त्या पायाला सूज येते. बसताना पाय उंचावर ठेवायचा.

याचा अर्थ अंथरुणात पडून राहायचं असा नाही. घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात करून रोज थोडं वाढवायचं. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्रही रोज वापरायचं. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. मामा चार दिवस फुंकत होते, आणि आम्ही सगळे समोर बसून त्यांना शाबासकी देत होतो.

डॉक्टरांना फोन कधी करायचा?

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, जखमेतून पू किंवा पाणी आलं, हलताना छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज जाणवला, धडधड वाढली, तर लगेच. छातीत दुखून घाम सुटला, आडवं झाल्यावर दम लागला किंवा चक्कर येऊन पडायला झालं तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठायचं. रोज सकाळी वजन करायचं. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, तर ते बहुधा अंगात साठणारं पाणी असतं. ‘तब्येत सुधारतेय’ म्हणून खूश व्हायचं नाही.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना उदास वाटतं, झोप लागत नाही, कारण नसताना रडू येतं. आयुष्यभर घरात दरारा असलेला माणूस टीव्हीसमोर रडताना बघून घरचे घाबरतात. हे नेहमीचं आहे, पण दोन आठवडे टिकून राहिलं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

गोळ्या कधी थांबवायच्या?

बायपासने आजार जात नाही. अडथळा वळसा घालून ओलांडला जातो, रक्तवाहिन्या खराब करणारी प्रक्रिया तशीच राहते. पायाच्या शिरेतून केलेल्या जोडण्यांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत बंद किंवा खराब होतात. छातीच्या आतल्या धमनीची जोडणी मात्र बहुतेकांत त्याहून खूप जास्त टिकते. म्हणून अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सहसा कायमची असते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?’ असं म्हणून ती बंद करणारे घरोघरी सापडतील. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. तंबाखूबद्दल वेगळं लिहायला नको.

धातूची झडप बसवलेल्यांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि आयएनआर ही रक्ततपासणी नियमित, घडी बसल्यावरही साधारण महिन्याला. आकडा घसरला तर झडपेवर गुठळी, चढला तर रक्तस्राव. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं चालत नाही. दुखण्याची गोळी किंवा काढा मनाने घ्यायचा नाही. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला झडपेबद्दल आधी सांगायचं.

सरकारी योजनेत पुढचं काय?

आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. तेव्हा तिच्यात ९७१ उपचार आणि १२१ फॉलोअप पॅकेज होती. संरक्षणाची रक्कम ५ लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये धरलेला पुढचा काळ डिस्चार्जनंतर १० दिवसांचा. आयुष्मान भारतमध्ये १५ दिवसांचा. हाड जुळायला ८ आठवडे, गोळ्या जन्मभर. हिशेब जुळत नाही. त्यामुळे घरी निघण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठून आपल्या ऑपरेशनला वेगळं फॉलोअप पॅकेज लागू आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या.

सरकारकडे मागायचं तर रक्कम आणखी वाढवण्याआधी तीन साध्या गोष्टी मागाव्यात. डिस्चार्जची सूचना मराठीत, गोळीच्या वेळेसह एका पानावर. पहिल्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात हॉस्पिटलकडून रुग्णाला फोन. आणि आयएनआर तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, कारण महिन्यातून एकदा रोजंदारी बुडवून जिल्ह्याला जाणारा माणूस चौथ्या-पाचव्या महिन्यात जाणं थांबवतो. यातल्या पहिल्या गोष्टीला तर एका प्रिंटरपलीकडे काही लागत नाही.

मामांच्या गोळ्यांचा कागद मी हाताने लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला. पंधरा दिवसांनी शेजारच्या गल्लीतले एक काका त्याचा फोटो काढायला आले. त्यांच्या भावाची बायपास झाली होती. प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या असतात, हे सांगून मी त्यांची फाइल मागितली. तीही सगळी इंग्रजीत होती.